खरारा

आमच्या दारात लिंबाच्या झाडाखाली एक गाडी उभी असते. प्रीमियर पद्मिनी, 1990 सालची. माझ्या आजोबांनी, म्हणजे तात्यांनी, ती नवी कोरी घेतली तेव्हा देवणी हे उदगीर तालुक्यातलं एक गाव होतं आणि गावात चारचाकी गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आज देवणी स्वतःच तालुक्याचं ठिकाण आहे आणि आमच्या एका गल्लीत पाच-सहा गाड्या उभ्या राहतात. त्या चकचकीत गाड्यांच्या ओळीत आमची ही गाडी म्हणजे लग्नाच्या पंगतीत विटकं लुगडं नेसून बसलेली आजीच! जुनी माणसं तिला 'फियाट' म्हणतात. माझ्या बरोबरीची पोरं म्हणतात, 'तात्याचा डबा'.

या गाडीचा रंग कोणता, असं लहानपणी मला कुणी विचारलं असतं तर 'राखेचा' असं मी बेधडक सांगितलं असतं. आम्ही पोरं तिच्या बॉनेटवर बोटाने नावं लिहीत असू. पाटीवर खडूने लिहितात. इथे उलटं होतं. इथे पाटीच खडूची होती आणि बोट फिरेल तिथे खडू निघून येई. टेकून उभं राहिलं की सदऱ्याला पांढुरकी पूड लागे आणि मग घरी मायची बोलणी. ती पूड म्हणजे गाडीचा रंगच आहे, तो रोज थोडाथोडा आपल्या सदऱ्यांवरून निघून जातो आहे, हे कळायला मला विसावं वर्ष लागलं.

कारण घडलं ते असं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी दाखवून ती पुढे चालू करून घ्यावी लागते. 2025 च्या उन्हाळ्यात मी बी. ए. प्रथम वर्षाची परीक्षा देऊन घरी आलो तेव्हा ही मुदत संपत आली होती. कागदपत्रं बघायला आलेल्या एजंटाने आर. सी. बुक उघडलं, मग गाडीकडे पाहिलं, मग पुन्हा बुकात पाहिलं.

"अण्णा, हितं रंग निळा लिवलाय की. निळं कुठं हाय हेच्यात?"

अण्णा हसले. पण ते हसू काही खरं नव्हतं. एजंट पुढे म्हणाला, "रंग तरी मारून घ्या, न्हाई तर भंगारात घाला. आता काय ऱ्हायलंय तिच्यात?" रंग मारून घ्यायचा तर लातूरच्या गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा आमच्या एका सोयाबीनच्या हंगामाला भारी पडणारा. आणि दुसराच कुठला स्वस्तातला रंग मारला तर रंग बदलल्याची नोंद पुन्हा बुकात करून घ्यायची. भंगारवाला तर दुसऱ्याच दिवशी दारात आला. वजनाचा अंदाज घेत तो गाडीभोवती फिरला. बाजारात बैलाभोवती खाटीक फिरतो, तसा तो मला वाटला.

त्या रात्री जेवताना मी अण्णांना म्हणालो, "अण्णा, मला पंधरा दिवस द्या. मी करतो ही गाडी."

"तू काय करणार? इतिहासाची गाईडं वाचून रंग येतो का?" अण्णा म्हणाले. आजी मात्र अंधारातून म्हणाली, "करू दे की त्येला. तात्याची गाडी हाय, त्येच्या नातवानंच हात लावू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला लागलो. आणि इथेच माझी पहिली फजिती झाली. मी बादलीभर पाण्यात कपडे धुण्याची पावडर मूठभर टाकली, काथ्याची घासणी घेतली आणि भर उन्हात गाडी अशी घासली की, शेजारची काकू म्हणाली, "अरे भांडं हाय का काय ते?" दुपारी गाडी वाळली. आधी ती राखेच्या रंगाची होती. आता त्या राखेवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग आणि काथ्याचे गोल गोल ओरखडे उठले. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं. ते पत्र्यावर वाळलं की पाणी उडून जातं आणि क्षार तेवढा मागे राहतो, हे मी शाळेत शिकलो होतो. पण शाळेत शिकलेलं आणि बॉनेटवर दिसलेलं यांची ओळख माझ्या डोक्यात कधी झालीच नव्हती.

तरी मी थांबलो नाही. उदगीरहून रबिंग कंपाऊंडचा डबा आणला. फडक्यावर गोळा घेतला आणि बॉनेटवर चोळू लागलो. आणि काय सांगू! दहा मिनिटांत त्या राखेतून निळा रंग वर आला. आकाशी नव्हे, गडदही नव्हे. पाऊस पडून गेल्यावर दुपारी जसा निळा दिसतो तसा. माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. फडकं निळंशार झालं होतं. मी अधिक जोराने चोळू लागलो. बॉनेटच्या उंचवट्याच्या धारेवर जरा मळकट रेघ राहिली होती, ती काही केल्या जाईना. म्हणून तिथे अंगठ्याने दाब देऊन चोळलं. मळ गेला. त्याबरोबर रंगही गेला. खालून तांबडा प्रायमर दिसू लागला, रुपयाएवढा.

संध्याकाळी अण्णा शेतातून आले. त्यांनी तो तांबडा ठिपका पाहिला. काही बोलले नाहीत. बैलांना वैरण टाकली, हातपाय धुतले, जेवायला बसले. दोन दिवस ते त्या गाडीकडे फिरकले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी अण्णांबरोबर एसटीतून एक वृद्ध गृहस्थ उतरले. उदगीरचे जुने पेंटर. पन्नासएक वर्षं गाड्या, ट्रकांच्या फळ्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवलेले. त्यांना सगळे चाचाच म्हणतात, म्हणून मीही चाचा म्हणू लागलो. त्यांनी आल्या आल्या चहा घेतला नाही, की डबाही उघडला नाही. ते सरळ गाडीपाशी गेले आणि त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. दाराच्या आतल्या चौकटीवर, रबराच्या पट्टीखाली बोट ठेवून मला म्हणाले, "देख. ये इसका अस्सल रंग."

मी पाहिलं. पस्तीस वर्षं ऊन न लागलेला निळा रंग तिथे जसाच्या तसा होता. मी जन्मभर त्या दारातून आत-बाहेर केलं होतं आणि एकदाही मान वळवून तिथे पाहिलं नव्हतं.

मग चाचांनी ओलं फडकं टपावर फिरवलं. पाणी लागलं तेवढ्यापुरता टप निळा झाला आणि वाळताच पुन्हा राखी. "पानी से रंग दिखा ना? मतलब रंग बाकी है. नवा मारने की जरूरत नई." ते अर्धं मराठी, अर्धं आपल्या भागातलं हिंदी बोलत. पुढचे दहा-बारा दिवस त्यांनी मला जे शिकवलं ते मी इथे माझ्या शब्दांत सांगतो, कारण गाडी सगळ्यांकडे आहे आणि माझ्यासारखी काथ्याची घासणी घेऊन धावणारेही पुष्कळ असतील.

गाडीचा रंग म्हणजे दोन वस्तूंचं मिश्रण. एक रंगाची बारीक पूड आणि दुसरी ती पूड धरून ठेवणारी राळ. उन्हातले अतिनील किरण त्या राळेवर सतत मारा करतात, हवेतला प्राणवायू त्यात भर घालतो आणि वर्षानुवर्षांनी वरची राळ तुटत जाते. राळ गेली की पूड मोकळी होते. हीच ती खडूची पूड. म्हणून गाडीचा टप आणि बॉनेट आधी उडतात, कारण तिथे ऊन उभं पडतं. आणि दारं त्यामानाने शाबूत राहतात. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. त्या उन्हात पत्रा किती तापतो, हे त्यावर चुकून हात ठेवणाऱ्यालाच माहीत!

आमच्या गाडीचं नशीब एवढंच की तिचा रंग एकेरी आहे. आजच्या गाड्यांवर रंगाचा थर वेगळा आणि त्याच्यावर काचेसारखा पारदर्शक थर वेगळा असतो. चाचा त्याला 'क्लिअर' म्हणतात. पांढरं फडकं पॉलिश लावून घासलं आणि त्यावर गाडीचा रंग आला तर रंग एकेरी. फडक्यावर नुसता मळ आला तर वर क्लिअर आहे असं समजावं. एकेरी रंगाची वरची मेलेली साय काढली की खालचा जिवंत रंग मिळतो. क्लिअरचं तसं नाही. तो थोडा मंदावला असेल तर पॉलिशने उजळतो. पण एकदा का त्याचे पापुद्रे सुटू लागले की कितीही घासा, ती जागा पुन्हा रंगवल्यावाचून गत्यंतर नसतं.

आणि ही साय जाड असते तरी किती? कारखान्यातून निघालेल्या गाडीवरचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन. म्हणजे दोन केसांच्या जाडीत प्रायमर आला, रंग आला, सगळंच आलं. त्यातही पत्र्याच्या धारेवर आणि उंचवट्यावर थर सगळ्यात पातळ असतो. "और तूने वहींच अंगूठा लगाया," चाचा म्हणाले. मी खाली पाहिलं.

काम असं चाललं. पहाटे, ऊन यायच्या आत, लिंबाच्या सावलीत गाडी धुवायची. आधी नुसतं पाणी सोडून धूळ वाहू द्यायची, कारण धुळीवर फडकं फिरवणं म्हणजे वाळूचा कागद फिरवणंच. मग दोन बादल्या; एकीत गाडी धुण्याचा शाम्पू आणि दुसरीत फडकं खंगाळायचं साधं पाणी. टपापासून सुरुवात, चाकांशी शेवट. बोअरचं पाणी अंगावर वाळू न देता लगेच मऊ कापडाने टिपून घ्यायचं. डांबराचे ठिपके रॉकेलच्या बोळ्याने काढून ती जागा ताबडतोब धुवायची. मग एक मातीसारखी मऊ वडी असते, ती शाम्पूच्या पाण्यात भिजवून अलगद फिरवायची; रंगात रुतून बसलेले कण ती ओढून घेते. हात फिरवला की कळतं. आधी खरखर लागते, नंतर तळहात घसरतो.

त्यानंतर कंपाऊंड. धारांवर आधी मास्किंग टेप चिकटवायची. एका वेळी वीतभराचाच चौकोन घ्यायचा. गोल गोल न चोळता सरळ रेषेत, हलक्या हाताने. काथ्याचे खोल ओरखडे होते तिथे 2000 नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून, तोही चार-सहा हातच. फडकं सारखं बदलायचं. शेवटी बारीक पॉलिश. आणि हे सगळं झालं की मेण.

मेणाची गोष्ट मला फार आवडली. हे मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. तिथल्या कडक उन्हात पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड आपल्या पानांवर स्वतःच मेणाचा लेप चढवतं. म्हणजे उन्हापासून वाचण्याची युक्ती झाडाची आणि आपण ती पत्र्यासाठी उसनी घेतलेली! मेण अगदी पातळ लावायचं, धुरकट झालं की पुसून टाकायचं. ते मेलेला रंग जिवंत करत नाही. जो जिवंत आहे त्याच्यावर सावली धरतं. आणि ही सावलीही दोन-तीन महिनेच टिकते, पुन्हा धरावी लागते. हल्ली लातुरात सिरॅमिकचं लेपन करून देतात, ते जास्त टिकतं. पण त्याचीही अट हीच की आधी खालचा रंग नीट केलेला हवा. उडालेल्या रंगावर लेप चढवला तर उडालेलाच रंग जपला जातो.

काम करताना चाचा जुन्या गोष्टी सांगत. आपल्याकडचे पेंटर गाडीच्या रंगाला अजून 'ड्यूको' म्हणतात. हे नाव अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या रंगाचं. 1923 साली तो मोटारींवर आला. त्याआधी ब्रशाने व्हार्निशाचे हात मारून मोटार रंगवायला आठवडेच्या आठवडे लागत. फवाऱ्याने मारायचा आणि झटकन वाळणारा रंग आला आणि मोटारींना रंगीबेरंगी होता आलं. मग मीही माझी विद्वत्ता पाजळली. ही पद्मिनी मुंबईत कुर्ल्याला बनली. प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी 1944 साली काढली वालचंद हिराचंद यांनी आणि त्यांचा जन्म आपल्या शेजारच्या सोलापूरचा. इटलीच्या फियाट कंपनीची गाडी इथे बनू लागली आणि 1970 नंतरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. 2023 च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली तेव्हा वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले होते. चाचा ऐकून म्हणाले, "मुंबई में खतम हुई. देवनी में बाकी है!"

बॉनेट झालं, दारं झाली, डिकी झाली. राहिला टप. टपाच्या दोन्ही कडांना, पन्हळीच्या जरा वर, बोटभर रुंदीच्या दोन-दोन तांबूस रेघा आहेत. मी लहानपणापासून त्या पाहत आलो होतो आणि तो गंज आहे असं धरून चाललो होतो. चाचांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग वाकून, डोळा पत्र्याच्या रेषेत आणून पाहिलं.

"ये जंग नई है. ये दोरी का घासा है. इस गाडी पे क्या बांधते थे?"

अण्णा जवळच बैलाला खरारा करत होते. त्यांचा हात थांबला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "बाज."

आणि मग अण्णांनी सांगितलं. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

1993 साल. 29 सप्टेंबरच्या रात्री गणपती बोळवून गाव झोपलं होतं. पहाटे, तारीख 30, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. देवणीत भांडी पडली, गुरं दावी तोडू लागली, माणसं रस्त्यावर आली. किल्लारीकडे काय झालंय हे उजाडल्यावर कळू लागलं. सुमारे दहा हजार माणसं गेली, हे तर पुष्कळ नंतर समजलं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीची माळवदं. झोपलेल्या माणसांवर घरंच्या घरं बसली होती. तात्यांचं तेव्हा उदगीरच्या मोंढ्यात आडतीचं दुकान होतं. त्या दिवशी ते मोंढ्यात गेले नाहीत. गल्लीतल्या बायांनी थापलेल्या भाकरी पोत्यात भरल्या, घरातल्या चादरी घेतल्या आणि टपावर एक बाज उलटी टाकून दोरीने बांधली.

"मी इचारलं, बाज कशाला?" अण्णा म्हणाले. "तर तात्या म्हणले, माणूस उचलायचा कशावर? हातावर?"

निलंग्याच्या वाटेने ते गेले. अण्णा बावीस वर्षांचे, शेजारी बसलेले. पाऊस लागला होता, चिखल होता, वाटेत गाड्यांची गर्दी. बाजेवर घालून माणसं ढिगाऱ्यातून रस्त्यापर्यंत आणायची, मागच्या सीटवर आडवी करायची आणि लातूरच्या दवाखान्यात पोचवायची. बाज पुन्हा टपावर. तीन दिवस हेच चाललं. ओल्या दोरीत खडे-माती अडकलेली, गाडीला धक्के बसत आणि दरवेळी दोरी त्याच जागी घासली जाई. तीन दिवसांत तिने रंग खाल्ला, पार प्रायमरपर्यंत.

"नंतर मी लई बार म्हणलं, तात्या, टपाला तेवढा रंग लावून घ्या, नवी गाडी इद्रूप दिसलालीय," अण्णा सांगत होते. "तात्या म्हणले, बैलाच्या खांद्याला जू घासून घट्टा पडतो का न्हाई? त्यो काय रोग हाय का? राहू दे म्हणले."

कुणी काही बोललं नाही. आजी ओसरीवर बसून होती, तिने पदर डोळ्यांना लावला. जरा वेळाने चाचांनी बॉनेटवरच्या माझ्या रुपयाएवढ्या ठिपक्याकडे बोट दाखवलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "और ये? ये जलजले का नई. ये तेरा है, बेटा."

अण्णा हसले. या वेळी ते हसू खरं होतं.

पण प्रश्न उभा राहिलाच. टपावरच्या त्या रेघांचं काय करायचं? भरून रंगवल्या तर तात्यांचा शब्द मोडतो. तशाच उघड्या ठेवल्या तर प्रायमर कायमचा पाणी अडवू शकत नाही. आज ना उद्या पाणी पत्र्याला लागणार आणि जो अजून गंज नव्हता त्याचा गंज होणार. मी म्हणालो, "रंगवून टाकू. फोटो काढून ठेवू." अण्णा काहीच बोलले नाहीत. चाचाच म्हणाले, "दोन्ही होतंय. थांब." त्यांनी रेघा स्वच्छ केल्या, बारीक वॉटर पेपरचा एक हात दिला, नीट वाळू दिल्या आणि बारीक ब्रशाने त्यांच्यावर नुसत्या क्लिअरचे दोन हात दिले. रेघा दिसतात तशाच राहिल्या. पाणी मात्र आता आत जात नाही.

माझा ठिपका मात्र त्यांनी रंगवला. निळा, पांढरा आणि सुईच्या टोकाएवढा काळा, असं मिसळून एका पुठ्ठ्यावर ओढलं आणि वाळू दिलं. कारण ओला रंग आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही. तो जुळवला दाराच्या आतल्या अस्सल रंगाशी नव्हे, तर बॉनेटच्या आत्ताच्या रंगाशी. मी कारण विचारलं. ते म्हणाले, इतकी वर्षं ऊन खाल्लेल्या रंगाशेजारी नवा रंग बसवायचा तर त्यालाही थोडं ऊन खाल्ल्यासारखं दाखवावं लागतं. एवढं करूनही तिरप्या उन्हात तो ठिपका ओळखू येतो. येऊ दे.

पुढे आम्ही गाडी लातूरला नेली. तपासणाऱ्या माणसाने चेसिसच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, छाप घेतला, बुकात पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "रंग निळा," तो स्वतःशीच पुटपुटला आणि त्याने खूण केली. पुढच्या रकान्याकडे वळलाही. त्याच्या लेखी तो एक शब्द होता. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

आता गाडी झाकायला काय आणावं, असा आमच्या घरी एक वाद झाला. मी प्लॅस्टिकचं आच्छादन आणायला निघालो होतो. चाचांनी आधीच बजावलं होतं की आच्छादनाखाली धूळ राहिली तर वाऱ्याने ते हलून रंग घासतं आणि ओल राहिली तर आतल्या आत कोंडते. म्हणून गोठ्याच्या बाजूला चार डांबं रोवून वर पत्रे टाकले. लिंबाखालची जागा सोडली. सावली गोड होती, पण साळुंक्यांची विष्ठा पडायची. ती वाळून रंगात भिनते आणि डाग कोरते. आता कुठे पडलीच तर मी ती खरवडत नाही. ओलं फडकं घटकाभर वर ठेवतो, मऊ करतो आणि उचलून घेतो.

त्या वर्षी पोळ्याला मी मुद्दाम घरी आलो. आपल्या देवणी जातीच्या बैलांची कीर्ती मी वेगळी सांगायला नको. वानेरा, बालांक्या, शेवरा असे अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या खुणांवरून त्यांचे प्रकार ओळखतात. आमच्याकडे एक जोडी आहे, वानेऱ्याची. अंग पांढरंशुभ्र आणि तोंडाच्या बाजू काळ्या. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. अण्णांनी वाटीत तूप-हळद कालवली आणि बैलाच्या खांद्यावर, जिथे जू घासून घासून कातडी जाड आणि काळी झाली आहे, तिथे हळूहळू मळू लागले. घट्टा काही त्या मळण्याने जात नाही. जावा म्हणून कुणी मळतही नाही. तो चिरू नये, मऊ राहावा, एवढ्यासाठी मळायचं.

मी लहानपणापासून दरवर्षी खांदेमळणी पाहत आलो आहे. त्या संध्याकाळी मात्र उठून आत गेलो, मेणाची डबी आणि बनियनचं जुनं मऊ फडकं घेतलं आणि पत्र्याखाली उभ्या गाडीपाशी गेलो. तीन महिने होत आले होते, मेणाची वेळ झालीच होती. टपावर, त्या दोन-दोन तांबूस रेघांवरून मी फडकं फिरवू लागलो. सरळ रेषेत, हलक्या हाताने.

अण्णांनी बैलाच्या खांद्यावरून मान वर केली. म्हणाले, "दाब देऊ नकोस."

"न्हाई देत, अण्णा."

फडकं उलटून पाहिलं. त्याला निळी पूड लागली नव्हती.